लहान पोरांना सांगायला गोष्टी सुचवा, ज्यात मित्रमैत्रिणीच मिळून अडचण सोडवतात

गच्चीवरची_काकू

नमस्कार, मी सोलापूरची, पूर्व भागात राहते. आमची बिल्डिंग तीन मजल्यांची आणि वर मोकळी गच्ची. इथला उन्हाळा माहितीच आहे तुम्हाला, मार्च संपत आला की संध्याकाळी घरात बसवत नाही, मग धुण्याचं उरलेलं पाणी गच्चीवर मारायचं, जरा गार झालं की सगळी बायकापोरं चटया घेऊन वर. तिथंच मी महिन्याभरापासून पोरांना रोज एक गोष्ट सांगायला लागलेय. नऊ-दहा जण असतात, सगळ्यात धाकटा पाच वर्षांचा आणि सगळ्यात मोठी आठची. घरात कुणी तेलुगू बोलतं, दोघं कन्नड, एकीकडं उर्दू, पण गच्चीवर सगळ्यांची मिळून एक मराठी चालते आणि ती ऐकायला मला फार गोड वाटते.

आता अडचण अशी की मला ज्या गोष्टी येतात त्यात संकट आलं की एकतर राजा न्याय करतो, नाहीतर परी येते, नाहीतर देव प्रसन्न होतो. मोबाइलवरच्या कार्टूनमध्ये पण तेच, एक हिरो असतो आणि बाकीचे टाळ्या वाजवायला. मला अशा गोष्टी पाहिजेत की ज्यात काहीतरी बिघडलंय, तुटलंय, हरवलंय, कुणीतरी रुसलंय, आणि दोनतीन मित्र मिळून डोकं लावून, हात लावून ते नीट करतात. जादू नको.

हे डोक्यात यायचं कारण सांगते. परवा खाली एका मुलाच्या सायकलची चेन पडली. तो जिन्याजवळ बसून रडत होता आणि आमची ही सगळी गच्चीवरची पोरं त्याच्याभोवती नुसती उभी. एकानं हात लावला नाही. एक जण धावत आला तो थेट माझ्याकडं, "काकू, तो रडायलाय." अहो, त्यातल्या तिघांना चेन बसवता येते, मी स्वतः बघितलंय त्यांना आपापल्या सायकलीची बसवताना! मला त्या दिवशी रात्री झोप लागेना. दुष्ट नाहीत हो ती, फार चांगली पोरं आहेत, फक्त आपण काहीतरी करायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच येत नाही, मोठं माणूस येऊन करेल असं वाटतं.

अजून एक. गोष्ट संपली की मी विचारते, "यातून आपण काय शिकलो?" आणि सगळी एका सुरात "सगळ्यांना मदत करावी" म्हणून उठतात. ते उत्तर त्यांना गोष्ट सुरू व्हायच्या आधीच पाठ असतं. तर कुणी शिक्षक असाल, आईबाबा असाल, आजीआजोबा असाल, तुम्ही काय सांगता आणि कसं सांगता ते लिहा प्लीज.


निवृत्त_बाई

ताई, तुमचा तो चेनचा प्रसंग वाचून माझा अख्खा वर्ग डोळ्यांसमोर आला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत ३४ वर्षं होते, त्यातली बरीचशी पहिली-दुसरीवरच, त्यामुळे मनापासून लिहिते आणि जरा लांब होईल.

पहिलं म्हणजे तो शेवटचा प्रश्न आजपासून बंद करा. तात्पर्य विचारलं की मूल गोष्टीतून बाहेर येतं आणि परीक्षेत बसतं. मी पण कितीतरी वर्षं विचारायचे. मग एकदा दुसरीच्या वर्गात चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगत होते, आपली नेहमीचीच, कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं, पाऊस आला, शेणाचं वाहून गेलं, कावळा दारात येऊन म्हणतो चिऊताई चिऊताई दार उघड आणि ती म्हणते थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब तीट लावते. त्या दिवशी मला घाई होती म्हणून मी मध्येच थांबून नुसतं विचारलं, का गं उघडत नसेल ती दार? मला वाटलं पोरं म्हणतील, चिमणी वाईट आहे. तर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंडातून शब्द काढायचा नाही, तो म्हणाला, "बाई, कावळा पिल्लं खातो. तिला भ्या वाटत असंल."

वर्ग एकदम गप्प! कारण खरंच आहे की ते, शेतातल्या पोरांना माहीत असतं, कावळा घरट्यातली अंडी, पिल्लं पळवतो. म्हणजे चिमणीला बाळ सांभाळायचंय आणि कावळा तर बाहेर भिजतोय, दोघांचं पण खरं. त्यानंतर दोन दिवस तो वर्ग हेच बोलत होता की मग करायचं काय. एक म्हणाली दार उघडू नको पण वळचणीला बसू दे. दुसरा म्हणाला वळचणीला पाण्याचा सपका बसतो, वर सूप धर. मग सूप कोण धरणार, तर कावळ्यानं चोचीत धरायचं. तिसरी म्हणाली चोचीत सूप धरलं तर तो खाणार कसा, त्याला भूक लागली असेल. मग चिमणीनं फटीतून दाणे सरकवायचे आणि तेवढा वेळ सूप खुंटीला अडकवायचं. मी नुसती ऐकत होते. दयाळूपणा शिकवायला मी जेवढे पाठ घेतले असतील त्या सगळ्यांपेक्षा ते दोन दिवस मोठे होते माझ्यासाठी.

तर माझा अनुभव असा, की गोष्टीतली अडचण छोटी आणि हातात मावणारी घ्या. राक्षस नको. भिजलेली वही, विहिरीत पडलेली बादली, वाटणीवरून झालेलं भांडण, रात्री पाणी येणार आणि शेजारची आजी एकटी आहे, तिला कळशी उचलत नाही, असलं काहीतरी. आपल्याकडं पाणी चारपाच दिवसांतून एकदा सुटतं, त्या पाण्याच्या दिवसाची धावपळ पोरांना पाठ असते, तिच्यात शंभर गोष्टी आहेत. पहिला उपाय फसू द्या, हे मात्र विसरू नका. पोरांनी बादली उचलायला जावी आणि अर्धी सांडावी, मग तांब्यानं न्यावं, मग तांब्यानं पाय दुखावेत, मग कुणालातरी सुचावं की जिन्यात रांगेनं उभं राहून हातोहात द्यावं. उपाय फसला की मुलं पुढं सरकून बसतात, बघा तुम्ही. आणि ऐन अडचणीच्या जागी थांबायचं. "मग काय केलं असेल?" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं, अगदी अवघड वाटेपर्यंत गप्प बसायचं.

आपल्या गावाचीच गोष्ट घ्या ना. सिद्धेश्वरांचं तळं आपण लहानपणापासून बघतो, सिद्धरामेश्वरांनी लोकांना बरोबर घेऊन ते खोदलं असं सगळे सांगतात. त्यातला चमत्काराचा भाग आजी सांगेल, तुम्ही खोदण्याचा सांगा. माती कोणी उचलली, घमेलं कोणी दिलं, दुपारी उन्हात ताक कोणी आणलं. मी हे तळ्याच्या काठावर बसून सांगायचे सहलीला, पोरं पाण्याकडं वेगळ्याच नजरेनं बघायची.


धोटा_कांडी

बाईंचं पूर्ण पटलं. मी तुमच्याच भागातला काकू, आता नोकरीनिमित्त पुण्यात असतो. घरी तेलुगू, शाळा मराठी. आमच्या घरामागच्या शेडमध्ये चार माग होते, चादरीचे, आणि माझे ताता म्हणजे आजोबा आम्हाला त्या खटक खटक आवाजातच गोष्टी सांगायचे, ओरडून सांगायचे म्हणजे खरं तर, नाहीतर ऐकूच यायचं नाही. त्यांची एक गोष्ट मी माझ्या मुलीला रोज व्हिडिओ कॉलवर सांगतो, ती तुमच्या उपयोगाची आहे असं वाटतंय.

आधी मागाचं थोडं सांगतो म्हणजे गोष्ट कळेल. उभे दोरे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. आमच्या मागावर धोट्यातली, म्हणजे आडवा दोरा इकडून तिकडं नेतो त्या लाकडी तुकड्यातली, कांडी संपली किंवा आडवा दोरा तुटला की माग आपोआप थांबायचा, तशी सोय असते. पण ताण्याची एखादी तार तुटली तर माग थांबत नाही. चालतच राहतो. हजारो तारांतली एकच गेलेली असते, आवाज बदलत नाही, काही नाही, फक्त कापडात एक बारीक रेघ पडत जाते. ते विणकरानं बघायचं असतं. दिसलं की हात घालून माग बंद करायचा, तुटलेली दोन टोकं शोधायची, गाठ मारायची, परत फणीतून ओवायची (फणी म्हणजे तारा वेगवेगळ्या ठेवणारी कंगव्यासारखी दात्यांची पट्टी), मग चालू. एका तारेसाठी अख्खा माग थांबवतात. ताता हे सांगताना बोट वर करायचे, एक तार!

आता गोष्ट. एका शेडमध्ये एक म्हातारा विणकर होता, नजर कमी झालेली. शेडच्या पत्र्याखाली चिमणी राहायची, मागाखाली उंदीर, आणि कोपऱ्यात कोळी. कोळ्याला तेलुगूत सालेपुरुगु म्हणतात, म्हणजे विणकर किडा, त्यामुळे म्हातारा त्याला आपल्या जातभाईसारखा मानायचा, जाळं झाडायचा नाही. तर झालं काय, रोज एक तार तुटायला लागली. रोज चादरीत रेघ. म्हातारा वैतागला आणि म्हणाला हे उंदराचंच काम, दुसरं कोण दात लावणार. त्यानं उंदराचं बीळ बुजवलं. उंदीर बिचारा पावसाचा बाहेर.

चिमणी आणि कोळी म्हणाले आपला मित्र असं करणार नाही, पण नुसतं म्हणून काय उपयोग, बघायला पाहिजे. चिमणीनं दिवसभर वरनं बघितलं, तिला काही दिसलं नाही, तारा इतक्या की डोळे फिरले. पहिला दिवस फुकट. दुसऱ्या दिवशी कोळी म्हणाला मी बघत नाही, मी हात लावून कळतो, माझ्या जाळ्यात माशी कुठं अडकली ते मी दोऱ्याच्या थरथरीवरनं ओळखतो. तो हळूच ताण्यावर जाऊन बसला. आणि त्याला कळलं की एकच तार वेगळी थरथरतेय, घासल्यासारखी, आणि रोज तीच तुटते, त्याच जागी. उंदीर रोज बरोबर तीच तार कशाला कुरतडेल? चिमणीनं जाऊन नीट बघितलं तर फणीचा एक दात खरबरीत झाला होता. तिथं घासून तार तुटायची.

मग म्हाताऱ्याला सांगायचं कसं? तर चिमणी त्या दातापाशी जाऊन चोच मारत राहिली, टकटक टकटक, म्हाताऱ्यानं दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा त्यानं बोट लावून बघितलं आणि बोटाला कळलं. पॉलिश पेपरनं घासून दात गुळगुळीत केला. तार तुटायची थांबली. मग बीळ उकरून मोकळं केलं.

फणीचा दात खराब झाला की तीच तार परत परत तुटते हे खरंच असतं बरं का, ताता काही उगाच रचून सांगत नव्हते. माझ्या मुलीला यातलं सगळ्यात काय आवडतं माहितीये? चोर कोण ते शोधायच्या ऐवजी त्यांनी बिघाड कुठंय ते शोधलं, हा भाग. ती आता घरात काही सांडलं की म्हणते, "आधी दात बघा."


स्पष्ट_बोलते

चर्चा छान चाललीये पण मला एक गोष्ट मनापासून सांगायचीये. मैत्री आणि दया शिकवताना आपण बऱ्याचदा गरीब स्वभावाच्या मुलांनाच अजून गरीब करतो. मी लहानपणी वर्गात "समजूतदार" होते. डब्यातली शेंगाचटणी रोज एक मैत्रीण संपवायची आणि मी कोरडी भाकरी खायचे, तक्रार केली तर शिक्षक म्हणायच्या वाटून खावं. कुणी मारलं तर म्हणायच्या जाऊ दे माफ कर, हात मिळवा. मिळवला हात, पण पोटात गोळा तसाच. अजून आठवतो तो गोळा.

म्हणून काकू, ज्यात एक जण सगळं देऊन टाकतो आणि शेवटी सगळे त्याचं कौतुक करतात, त्या गोष्टी कृपा करून सांगू नका. पोरांना "नाही" म्हणणारा प्रेमळ मित्र पण दिसू दे. बाईंच्या वर्गातली पोरं बघा ना, त्यांनी चिमणीला दार उघडायला लावलंच नाही, तरी कावळ्याला भिजू दिलं नाही. मला ते वाचून रडू आलं खरंच. आणि धोटाकांडी दादा, तुमची गोष्ट अतिशय सुंदर, पण त्या उंदराचं काय? चार रात्री पावसात काढल्या त्यानं. बीळ उकरलं म्हणजे झालं का?


भैय्या_चौक

मी थोडक्यात लिहितो. खरी गोष्ट पण सांगा कधीतरी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ साली चीनमध्ये युद्ध चालू असताना भारतातनं पाच डॉक्टर मदतीला गेले त्यात ते होते. पोरांना युद्ध कळणार नाही पण हे कळेल की डॉक्टरला पेशंटची भाषाच येत नाही, आता कुठं दुखतंय ते विचारायचं कसं? त्यांनी ती भाषा शिकून घेतली. तिथंच राहिले, जखमी सैनिकांची ऑपरेशन केली, तिथल्याच नर्सशी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेले, वय फक्त ३२. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे, पोरांना घेऊन जा.

तुमच्या गच्चीवर चार भाषा आहेत ना, मग एक खेळ करा. एका पोरानं आपल्या घरच्या भाषेतच सांगायचं की माझं पोट दुखतंय किंवा मला तहान लागलीये, आणि बाकीच्यांनी ओळखून उपाय करायचा. मी माझ्या नातवंडांबरोबर करतो, कन्नडमध्ये मी "नीरू" म्हणलं की धाकटी आता पळत जाऊन तांब्या आणते.


गच्चीवरची_काकू

सगळ्यांचे मनापासून आभार, मी एवढं अपेक्षाच केलं नव्हतं. दोन दिवस लिहायला वेळ झाला नाही, पण आज काल रात्रीचं सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

मी धोटाकांडी दादांची गोष्ट घेतली. आमच्यातल्या निम्म्या पोरांच्या घरात कुणी ना कुणी मागावर आहे नाहीतर होतं, त्यामुळे माग काय ते सांगायची गरजच पडली नाही, उलट मी फणी म्हणताना हात चुकीचा केला तर एकानं मलाच दुरुस्त केलं, "काकू, फणी अशी उभी असते, पुढंमागं हलते." मी म्हाताऱ्यानं बीळ बुजवलं तिथं थांबले आणि बाईंनी सांगितलं तसं गप्प बसले. खूप अवघड गेलं, खरं सांगते. खाली कुणाचा तरी कुकर दोन शिट्ट्या झाला तरी मी गप्प. मग सुरू झालं. एक म्हणाला उंदरानं दुसरीकडं जावं. एकीनं लगेच, "कशाला जाईल, त्यानं काय केलंच नाही तर?" मग पहारा ठेवायचा ठरलं. रात्री पहारा कोण देणार, चिमणीला रात्री दिसत नाही. घुबडाला बोलवा. घुबड उंदीर खातो, येडा आहेस का! असं करत करत कोळ्याचं नाव आमच्या सगळ्यात धाकट्यानं काढलं, तो म्हणाला कोळ्याला आठ पाय आहेत तो आठ दोऱ्यांना हात लावू शकतो. मी चकित झाले, कारण थरथरीचं मी अजून सांगितलंच नव्हतं.

ज्याच्या सायकलची चेन पडली होती तो मुलगा शेवटपर्यंत काही बोलला नाही. गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकत होता. एक तार तुटली तरी माग चालतच राहतो, हे मी सांगितलं तेव्हा तेवढं त्यानं परत विचारलं, "म्हणजे कुणालाच कळत नाही?" मी म्हणलं, कुणीतरी बघितलं तर कळतं. एवढंच म्हणलं, पुढं काही बोलले नाही. पण त्याच्या शेजारी बसलेल्या पोरीनं त्याच्याकडं बघितलं, ते मी बघितलं.

आणि स्पष्ट_बोलते ताई, तुमचा उंदीर आमच्या गच्चीवर पण निघालाच! मी म्हणलं बीळ उकरून दिलं, गोष्ट संपली, तर आठ वर्षांची मोठी म्हणाली, "पण उंदराला सॉरी कोण म्हणलं?" मला उत्तर सुचेना. म्हणून मी त्यांनाच विचारलं. यावर जे भांडण झालं ते काही विचारू नका. चौघांचं म्हणणं म्हाताऱ्यानं सॉरी म्हणावं आणि ज्वारीचे दाणे ठेवावेत, दाणे ठेवले की झालं. मोठी म्हणते दाणे नकोत, आधी तोंडानं म्हणायचं, सगळ्यांसमोर, कारण म्हातारा त्याला चोर पण सगळ्यांसमोरच म्हणाला होता. एकाचं म्हणणं उंदरानं परत यायचंच नाही, शेजारच्या शेडमध्ये राहायचं, पण चिमणी-कोळ्याला रोज भेटायला यायचं. तो आपल्या मुद्द्यावरून हलेना, त्याला बाकीच्यांनी किती समजावलं तरी. मी त्याला समजावायला गेले नाही.

साडेनऊला आयांनी हाका मारल्या तेव्हा कुठं उठली, आणि या वेळी "मदत करावी" कुणी म्हणलं नाही, जिना उतरताना पण उंदीर उंदीरच चालू होतं. ठरलंय असं की पुढचा भाग त्यांनीच सांगायचा, प्रत्येकानं आपापला. आज मात्र बसणार नाही, आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, रात्री नऊला सुटतं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडं कोण जाणार म्हणून मघाशी खाली विचारलं तर दोघं तांब्या घेऊनच आले, कळशी उचलत नाही म्हणाले. भैय्याचौक काका, स्मारकाला रविवारी नेते सगळ्यांना, रिक्षा दोन लागतील.